रुखवतातला हार्प

“हार्प आणि तान्हं मूल, या दोघांना मांडवात कुणाच्या भरवशावर टाकून जेवायला उठायचं नाही,” फर्नांडिसबाई सांगायच्या. “मूल निदान रडतं. हार्प कुणाच्याही मांडीवर गप्प बसतो.”

पुण्याच्या कॅम्पातल्या या फर्नांडिसबाईंनी मोनालीला पाठ कशी ठेवायची, बोटं कशी ठेवायची, ऐन कार्यक्रमात तार तुटली तर चेहरा कसा ठेवायचा हे सगळं शिकवलं, आणि लेकाकडे परदेशी जाताना आपला हार्पही तिच्या हवाली केला. त्यांचं बाकीचं सगळं मोनालीने जन्मभर पाळलं. जेवणाचं तेवढं एकदाच चुकलं. आणि तेही एक व्रत पाळताना चुकलं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून हार्प वाजवणारी एकच बाई, त्यामुळे मोनालीला स्पर्धा अशी नव्हती. अडचण एवढीच की गिऱ्हाईकही फारसं नव्हतं. माणसाच्या उंचीचा तो हार्प, त्याचा सोनेरी खांब, वर हंसासारखी वळलेली मान आणि मधला तारांचा पडदा. पहिल्यांदा बघणारा माणूस त्याच्याभोवती एक फेरी मारायचा आणि यातून शेवया पडतात का, असं विचारायचा. एका कार्यालयाच्या व्यवस्थापकाने तर आपण होऊन त्याच्या तारांत झेंडूच्या माळा ओवल्या होत्या, आणि मोनालीने त्या सोडवल्या तेव्हा सजावटीची नासधूस केली म्हणून तिच्याशी अबोला धरला. लग्नात पाहुणे येऊ लागल्यापासून डॉल्बी जागा होईपर्यंत तिने वाजवायचं, असा ठराव असे. डॉल्बी जागा झाला की हार्प वाजतोय हे फक्त हार्पला आणि मोनालीलाच माहीत असायचं.

त्यात मोनालीचा नेम. पहाटे उठून वंदना, त्रिसरण, पंचशील. पाऊस असो, ताप असो, चुकणे नाही. या पाचांतलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, आणि लग्नाच्या धंद्यात हार्प उचलायला सोपा पण हे शील उचलायला जड. नवरीच्या आत्याने माइक घेऊन गाणं म्हटलं आणि विचारलं, कसं झालं, तर मोनाली नम्रपणे सांगायची की सूर अगदी जवळून गेला. आचाऱ्याने विचारलं तर आमटीत मीठ जास्त. हे ती इतक्या हळू आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याला वाकून ऐकावं लागायचं, आणि वाकून ऐकलेलं खरं जास्त लागतं.

पौर्णिमेला तिचा उपोसथ. पांढरी साडी, दुपारी बाराच्या आत जेवण, त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. त्या दिवशी आठ शीलं घ्यायची आणि त्यात गाणं-बजावणंही वर्ज्य, म्हणून पौर्णिमेची सुपारी ती घेतच नसे. एकदा फारच अडचण आली तेव्हा तिने भंतेजींना विचारलं होतं. ते म्हणाले, कुणाच्या पोरीबाळीच्या आनंदासाठी वाजवणार असशील तर वाजव, पण मग बाकीची सात तरी घट्ट धर. तेव्हापासून अशी वेळ आलीच तर बाकीची सात ती अशी घट्ट धरायची की सातांनाही गुदमरायला व्हावं.

ही वेळ आणली अंथुर्ण्याच्या ज्ञानूतात्यांनी. डाळिंबाची बाग, डोक्याला टापटीप टोपी, बोलायला लागले की ऐकणाऱ्याने चहा दोनदा संपवावा असा माणूस. पण त्या दिवशी ते फारसं बोलले नाहीत. त्यांना चार मुली. चौथीचं लग्न ठरलं होतं, आणि चौथी म्हणून जन्मली तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनी तिचं नाव ठेवलं होतं नकोशी. आधार कार्डावर नकोशी, बी.एस्सी.च्या सर्टिफिकेटावर नकोशी, आता लग्नपत्रिकेवरही सोनेरी अक्षरांत चि. सौ. कां. नकोशी.

“नाव काय आता बदलत न्हाय,” ज्ञानूतात्या म्हणाले. “पर तिच्या लग्नात असं कायतरी पायजे, जे तालुक्यात कुणाच्या हवीशीच्या लग्नात झालं न्हाय.”

मोनालीने तारीख बघितली. पौर्णिमा. ती नाही म्हणणार होती, पण ज्ञानूतात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“पावण्यांच्या कानावर पडलं न पडलं, जाऊ द्या. माज्या पोरीला ऐकू आलं पायजे. तेवढा शब्द द्या.”

मोनालीने शब्द दिला. तिचा शब्द म्हणजे काय, हे ज्ञानूतात्यांना माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याला, बुद्धघोषला, चांगलं माहीत होतं. आतल्या खोलीत तो पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली ठेवून नुसता उसासा सोडला.

लग्नाच्या दिवशी शेजारच्या सद्दामच्या टेम्पोतून हार्प वेळेवर पोचला. मंचाच्या डाव्या बाजूला जागा मिळाली. मोनालीने तारा लावून घेतल्या आणि वाजवायला सुरुवात केली. ऐकणारे सगळे होते, फक्त नवरी नव्हती. नवरी वरच्या खोलीत मेकअपवाल्या बाईच्या ताब्यात होती, आणि मेकअपवाल्या बाईने गोंगाट नको म्हणून दार लावून घेतलं होतं. मोनालीने निरोप पाठवला. उत्तर आलं की पापण्या वाळायच्या आहेत.

दरम्यान हार्पचा लोकांना फार उपयोग होत होता. मानाच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी देणं चालू होतं. ज्यांना टॉवेल मिळाला आणि हात मोकळा हवा होता, ते तो हार्पच्या मानेवर टाकून पुढे जेवायला जात. फोटोवाल्याने नवरदेवाला, म्हणजे कळसच्या अविराजला, हार्पच्या तारांमागे उभं करून फोटो काढले. त्यात तो जामीन न मिळालेल्या माणसासारखा दिसत होता.

बारा वाजत आले. बाराच्या आत जेवायचं होतं. मोनालीने सद्दामला हार्पजवळ उभं केलं, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव म्हणाली आणि आचाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसली. फर्नांडिसबाईंचा आवाज कानात आला होता, नाही असं नाही. पण एका कानात फर्नांडिसबाई आणि दुसऱ्या कानात घड्याळ, अशी स्थिती होती.

ती वरणभातावर होती तेव्हा माइकवरून सूचना झाली: मारुतीला निघालेल्या नवरदेवाच्या घोड्याला आडवा टेम्पो कुणी लावलाय त्याने काढावा. टेम्पो सद्दामचा होता. तो पळाला. आणि हार्प मांडवात एकटा राहिला.

त्याच वेळी नकोशीची मावशी सिंधुबाई रुखवत मांडत होती. नवरीला माहेरहून जे द्यायचं ते सगळ्या मांडवाला दिसेल असं मांडून ठेवायचं, आणि वरपक्षाच्या बायकांनी एकेका वस्तूला बोट लावत ते पाहायचं, हा त्या दिवसाचा खरा मुकाबला. कपाट होतं, पलंग होता, पितळी घंगाळ, लोकरीचं तोरण, शंकरपाळ्यांचं मंदिर. तरी सिंधुबाईला मधोमध काहीतरी उणं वाटत होतं. तिने मान वर केली तर समोर सोन्यासारखी वस्तू, अंगावर मानाचे टॉवेल, जवळ कुणी नाही. भावजीनं धाकटीसाठी गुपचूप आणून ठेवलं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि तिला भरून आलं. चार पोरांनी हार्प उचलला. सिंधुबाईने त्यावर चिठ्ठी लावली: सौ. नकोशीस, आई-वडिलांकडून.

मोनाली हात धुऊन आली तेव्हा हार्प कपाट आणि पलंग यांच्या मध्ये उभा होता आणि कळसच्या बायका त्याला बोट लावत होत्या. आता रुखवत एकदा वरपक्षाने बघायला घेतलं की त्यातला चमचासुद्धा हलवायचा नसतो. हे तिला ठाऊक होतं. तरी तिने सिंधुबाईला सांगितलं. सिंधुबाई व्हय व्हय म्हणाली आणि तिच्या हातात अक्षता दिल्या. तिने भटजींना सांगितलं. त्यांनी मंगलाष्टक सुरू केलं. तिने ज्ञानूतात्यांना गाठलं. ते मुलीकडे बघून रडत होते. तेवढ्यात डॉल्बी जागा झाला. मोनाली जे काही बोलली ते डॉल्बीने खाल्लं. शेवटी कुणीतरी तिला पाटावर बसवून खण-नारळ दिला, आणि ती पाटावरून उठून बाहेर आली तेव्हा कळसचा टेम्पो गेटातून वळत होता. कपाटावर गादी, गादीवर घंगाळ, आणि गादीखालून बाहेर आलेली हार्पची मान, नवरीसारखीच मागे वळून बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानूतात्यांचा फोन आला. त्यांना रात्रीतून कळलं होतं. आवाज पार बसला होता. चूक आमची, तुमचा जीव त्याच्यात हाय, सगळं मान्य. पर आता कुणी जाऊन ते परत मागितलं तर कळसमधी म्हणतील, बापानं उसनं आणून मांडलं. पोरीला आयुष्यभर ऐकावं लागंल. थोडं थांबता का.

मोनालीला थांबता येण्यासारखं नव्हतं. रविवारी बारामतीत तिचा एकटीचा, तिकीट लावलेला, आयुष्यातला पहिला कार्यक्रम होता. लग्नात वाजवताना लोक जेवतात. इथे लोक खुर्चीत बसून ऐकणार होते. फलक लागले होते. फलकावर हार्प होता. घरात नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. बुद्धघोषने सांगितलं की तिने फोन करून म्हणावं, हार्पवर विजेचा भार येतो, घराला धोका आहे. समोरचे सरदारभाई तहसीलमधून निवृत्त झालेले. त्यांच्या मते अर्ज तीन प्रतींत हवा आणि त्यात हार्पचं वर्णन चतु:सीमेसह यायला हवं, पूर्वेला कपाट, पश्चिमेला पलंग असं. सद्दाम अपराधी चेहऱ्याने म्हणाला, ताई, मी सांगतो की त्याच्यात भूत हाय, आपोआप वाजतंय. मोनाली सगळ्यांना एवढंच विचारायची, हे खरं आहे का. मग सल्लागार चहा घ्यायचे.

फक्त सद्दामची आई मेहबूबबी वेगळं बोलली.

“लग्नात एकाचं भांडं दुसऱ्याकडं जातच की गं. जायचं, चा प्यायचा, म्हणायचं आमचं भांडं तुमच्यात आलंय. माजं पितळी पातेलं अजून सांगवीत हाय. मी लाजून मागितलं न्हाय. तू लाजू नगस.”

पण बुद्धघोषचा कायद्यावर विश्वास. तो तिला चौकीवर घेऊन गेला. तिथल्या हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं की वस्तू हरवली का चोरीला गेली. मोनाली म्हणाली, दोन्ही नाही, कुठे आहे ते मला माहीत आहे. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मग तक्रार कसली? कुणी नेलं? नवरीने. कुठून? रुखवतातून. रुखवतात कुणी मांडलं? मावशीने. मांडलं म्हणजे दिलं, हवालदार म्हणाले. माझ्या मेव्हण्याचा फ्रीज असाच गेला. शिवाय कार्यालय एका हद्दीत, वस्तू दुसऱ्या हद्दीत आणि बाई तिसऱ्या. आणि मोडलंच कुणी लग्न या पायी, तर ते कुणाच्या हद्दीत धरायचं? मोनाली हे सगळं चालू असताना कुठे होती, हेही त्यांनी विचारलं. जेवत होते, ती म्हणाली.

“कसं होतं जेवण?”

“जिलबी कच्ची होती,” मोनाली म्हणाली, आणि बुद्धघोषने कपाळाला हात लावला, कारण जिलबीवाला हवालदारांचा साडू निघाला.

मेहबूबबीचा सल्लाच राहिला. शनिवारी वंदना करून मोनाली सद्दामच्या टेम्पोत बसली. जंक्शन नावाच्या फाट्यावरून आत वळेपर्यंत सद्दाम तिला समजावत होता की ताई, तुम्ही नुसत्या उभ्या रहा, बोलायचं मी बोलतो, म्हणजे तुमचं शीलही राहील आणि वस्तूही येईल.  मोनालीच्या मनात दोनच गोष्टी होत्या. हार्प न्यायचाच, आणि त्या मुलीची मान खाली घालायची नाही. या दोन्ही एका टेम्पोत कशा बसवायच्या ते तिला सुचत नव्हतं.

कळसला घर विचारावं लागलं नाही. बायका तिकडेच चालल्या होत्या. ओसरीवर हार्प उभा होता, गळ्यात हार, खांबाला हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात तांब्याभर पाणी आणि विडा. बाजूला नवी नवरी नकोशी बसलेली, हिरवा चुडा, डोक्यावरून पदर. बायका यायच्या, हार्पभोवती फेरी मारायच्या, मग नकोशी एक तार छेडायची. एकच, दर वेळी तीच. दोन तारा तुटून लोंबत होत्या, बाकीच्या उन्हाने उतरल्या होत्या. मोनालीला आपलं मूल कुणीतरी उन्हात खेळायला सोडल्यासारखं झालं. पण नकोशीचा चेहरा बघून ती पायरीवरच थांबली. त्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मेकअपवालीला तासाभरात जमलं नव्हतं.

नकोशीने तिला ओळखलं. हातातली तार हातातच राहिली. सगळं ठाऊक होतं तिला, अगदी पहिल्या दिवसापासून. ती मोनालीकडे बघत राहिली.

नकोशीची सासू तानूबाई पुढे आली. बारीक अंगाची, बारीक डोळ्यांची बाई. चहा झाला. मग सद्दामने घसा साफ केला. कंपनीकडून आलोय, तो म्हणाला. या मालाला पहिली सर्व्हिसिंग फुकट असते, तीन महिन्यांनी परत आणून देऊ. त्याने इतकं छान सांगितलं की दोन बायकांनी फवारणीच्या पंपाच्या सर्व्हिसिंगचंही विचारून घेतलं. तानूबाईने मान डोलावली. हार्प सुटल्यातच जमा होता.

मग तानूबाई मोनालीकडे वळली.

“व्हय का ओ बाई? सर्व्हिशिंगला न्यायचं हाय?”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मान हलवण्याबद्दल शीलात स्पष्ट असं काही नाही, हे बुद्धघोषने एकदा तिला दाखवूनही दिलं होतं. सद्दाम डोळ्यांनी विनवत होता.

“नाही,” मोनाली म्हणाली. “हार्प माझा आहे. मी जेवायला उठले आणि तो रुखवतात गेला.”

 मग मागून एक आवाज आला, उसनं मांडलं हुतं म्हणा की. कुणीतरी पदरात हसलं. नकोशीचं बोट लागून तार वाजली, ती तिने तळव्याने हळूच थांबवली. तार अशी थांबवायची असते, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

“उसनं नाही मांडलं,” मोनाली म्हणाली. सगळ्यांना वाकावं लागलं, इतक्या हळू. “ज्ञानूतात्यांनी लेकीला लाकूड दिलेलं नाही. ह्याचं वाजणं दिलंय. तिच्या कानावर घालायचं, असा माझ्याकडून शब्द घेतलाय. ते मी अजून दिलेलं नाही. राहिलंय ते माझ्याकडून राहिलंय, त्यांच्याकडून नाही.”

तानूबाईने तिच्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं.

“मला पयल्या दिशीच कळलं हुतं,” ती म्हणाली. “ज्ञानू पावण्यानं मिक्सर दिला तर माइकवरनं दोनदा सांगितलं. एवढं मोठं दिलं असतं आन् गप बसला असता व्हय तो?”

 मोनालीने विचारलं, मग ठेवून का घेतलंत.

“कपाट बगायला कोण येत न्हाय, बाई. हे बगायला गाव आलं. नकोशी कुठाय, नकोशीला भेटायचंय, असं म्हणत आलं.” तानूबाई सुनेकडे न बघता म्हणाली. “कुणी न्यायला येईस्तवर म्हटलं, येऊ द्या. पर न्यायला येणारं खोटं बोललं असतं तर दिलं नसतं. वाजवा आता.”

वाजवता येत नव्हतं. तुटलेल्या तारांच्या बदली तारा बारामतीत होत्या, उतरलेल्या तारा वर चढायला दिवस गेला असता, आणि उद्या कार्यक्रम होता. मोनालीने तेही सांगितलं. मग कवा, तानूबाईने विचारलं. पुढच्या रविवारी सकाळी, मोनाली म्हणाली. मांडव नको, माइक नको, तानूबाईने बजावलं. ती बसंल, मी बसंन, ज्यांना हसायला आलं हुतं त्या बसतील. मागच्या आवाजाची बाई एकाएकी शेवग्याच्या शेंगांचा भाव विचारू लागली.

हार्प उचलायला सद्दाम पुढे झाला तर तानूबाईने त्याला थांबवलं. घरातनं निघालेली वस्तू मोकळी कशी जाईल. तिने सुनेला हाक मारली, आणि सासू-सुनेने मिळून हार्पची ओटी भरली. खण तारांवर ठेवला, नारळ पायाशी, आणि ओंजळभर तांदूळ, ओटी नेमकी कुठे ते कळेना म्हणून, मागच्या लाकडी पोटाला असलेल्या भोकातून आत सोडले. माहेरवाशीण निघावी तसा हार्प निघाला.

ते तांदूळ रविवारी कळले. घरी येऊन मोनालीने तारा बदलल्या, रात्रभर जागून लावल्या, पण पोटातले तांदूळ तिच्या लक्षातच आले नाहीत. सभागृहात पहिलीच रचना वाजायला लागली आणि हार्पच्या पोटातून खुळखुळ सुरू झाली. संथ जागी हळू, जलद जागी जोरात. मोनालीने फर्नांडिसबाईंनी शिकवलेला तार तुटल्याचा चेहरा केला. तांदळाचा चेहरा त्यांनी शिकवला नव्हता. पहिल्या रांगेत मेहबूबबी दर खुळखुळीला मान डोलवत होती. मध्यंतरात एक गृहस्थ उठून सांगून गेले की पाश्चात्य वाद्यात आपल्या मातीचा ठेका प्रथमच ऐकला. त्यांना खरं सांगायला मोनाली मागून गेली, पण तोवर ते बटाटेवड्याच्या रांगेत हरवले होते.

कार्यक्रमाला पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातला माणूस आला होता. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे फार मोठ्या घरचं लग्न, परदेशातले पाहुणे, हार्पच हवा, आणि तो खुळखुळणारा स्पेशल इफेक्टही हवा. त्याने जे आकडे सांगितले ते ऐकून बुद्धघोषने पहिल्यांदाच हार्पला खुर्ची दिली.

घरी आल्यावर तो अगदी समजुतीने बोलला. कळसचं काय, कळस कुठे जात नाही. आठ दिवसांनी जाऊ. तानूबाईला प्रकृतीचं कारण सांगितलं तर त्यात कुणाचं काय नुकसान? मोनालीने विचारलं, माझी प्रकृती बिघडली आहे का. बुद्धघोष म्हणाला, माझी बिघडेल.

तिने हॉटेलला उत्तर लिहिलं: रविवारी येता येणार नाही, कळस येथील एका मुलीला ऐकवायचं कबूल केलं आहे. तिकडून लगेच विचारणा आली, कळसचे आयोजक कोण. मोनालीने लिहिलं, सासूबाई.

रविवारी पहाटे तिने वंदना केली. पाचही शीलं म्हटली, चौथ्यापाशी नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली, आणि डबा भरला. पौर्णिमा नव्हती, तरी डबा भरला; हार्प सोडून जेवायला उठायचं नव्हतं. बुद्धघोष झोपेत असल्याचं दाखवत होता, पण तिच्या चपला बाहेर काढून ठेवलेल्या होत्या, आणि त्या तिने काढल्या नव्हत्या. सद्दामने हार्प चढवला, चादरी बांधल्या. खांबावरची हळदीकुंकवाची बोटं मोनालीने पुसली नव्हती. तांदूळही काढले नव्हते. ओटीतलं काढून घ्यायचं ते ज्याने भरलं त्याच्यासमोर, असं तिला वाटलं असावं.

“ताई, पुढं बसा की,” सद्दाम म्हणाला. “मागं धूळ लई उडती.”

मोनाली मागेच चढली. डबा मांडीवर घेतला, एक हात हार्पच्या मानेवर ठेवला आणि बसली. गल्ली अजून उठली नव्हती. टेम्पो जंक्शनच्या रस्त्याला लागला तेव्हा आत तांदूळ हळूच एकदा खुळखुळले.